विश्लेषण : लांब पल्ल्याचे स्नूकर सामने आणि सट्टाबाजाराचे गणित

जागतिक स्नूकर अजिंक्यपद स्पर्धेच्या २०२३ मधील उपांत्य सामन्यात बेल्जियमचा लुका ब्रेसेल चीनच्या सी जियाहुईविरुद्ध ५-१४ असा पिछाडीवर होता. विजयासाठी सी जियाहुईला तीन फ्रेम हव्या होत्या, तर ब्रेसेलला बारा. ब्रेसेलने सलग अकरा फ्रेम जिंकून सामना १७-१५ असा फिरवला आणि पुढे विजेतेपदही पटकावले. ब्रिटनमध्ये स्नूकरवरील सट्टा परवानाधारक कंपन्यांमार्फत कायदेशीरपणे चालतो. अशा प्रदीर्घ सामन्यांत तेथील बाजाराचे भाव नेमके काय सांगतात आणि कोठे अपुरे पडतात, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

शेफिल्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात १९७७ पासून होणाऱ्या या स्पर्धेत लांब पल्ला हीच खरी कसोटी मानली जाते. पहिली फेरी १९ फ्रेमची, दुसरी फेरी व उपांत्यपूर्व सामने २५ फ्रेमचे, उपांत्य सामना ३३ फ्रेमचा, तर अंतिम सामना ३५ फ्रेमचा असतो. निम्म्याहून अधिक फ्रेम जो आधी जिंकेल, तो विजेता. अंतिम सामना दोन दिवस, चार सत्रांत रंगतो.

या लांबीचा पहिला परिणाम गणिती आहे. एखाद्या खेळाडूची प्रत्येक फ्रेम जिंकण्याची शक्यता ५५ टक्के आहे, असे मानू. सात फ्रेमचा सामना जिंकण्याची त्याची शक्यता सुमारे ६१ टक्के होते, १९ फ्रेममध्ये ती ६७ टक्क्यांवर जाते, तर ३५ फ्रेममध्ये ७२ टक्क्यांवर. म्हणजेच सामना जितका लांब, तितका सरस खेळाडूचा अल्पसा वरचष्मा अधिक ठळक होतो. म्हणूनच त्याच दोन खेळाडूंमध्ये बलवान खेळाडूचा भाव छोट्या सामन्यापेक्षा दीर्घ सामन्यात कमी असतो.

मात्र भाव म्हणजे निखळ शक्यता नव्हे. उदाहरणादाखल, एका खेळाडूचा भाव १.६० आणि दुसऱ्याचा २.३० असेल, तर त्यांतून अनुक्रमे ६२.५ आणि ४३.५ टक्के शक्यता सूचित होते. दोहोंची बेरीज १०६ भरते. शंभरावरचे हे सहा अंक हा कंपनीचा वाटा. तो पैसे लावणाऱ्याच्या पदरातूनच जातो. त्यामुळे केवळ अधूनमधून अचूक अंदाज बांधून दीर्घकाळात नफा होत नाही.

सामना सुरू असताना बदलणारे भाव अधिक नाजूक असतात. दोन्ही खेळाडू तुल्यबळ धरले, तर ५-१४ वरून सामना जिंकण्याची शक्यता सुमारे ०.६५ टक्के, म्हणजे साधारण १५५ मध्ये एक इतकी येते. मागे पडलेल्या खेळाडूची प्रत्येक फ्रेम जिंकण्याची शक्यता ५० ऐवजी ५५ टक्के धरली, की हाच आकडा १.७ टक्क्यांवर पोहोचतो. गृहीतकातील किरकोळ फरकाने उत्तर अडीच पटींहून अधिक बदलते. शिवाय प्रत्येक फ्रेम म्हणजे नाणेफेक नव्हे. थकवा, डळमळलेला आत्मविश्वास, दोन सत्रांमधील रात्रीची विश्रांती यांचे मोजमाप सूत्रात नीट बसत नाही. १९८५ च्या अंतिम सामन्यात स्टीव्ह डेव्हिस ८-० ने आघाडीवर होता. तरीही डेनिस टेलरने अखेरच्या फ्रेममधील अखेरच्या काळ्या चेंडूवर १८-१७ असा विजय मिळवला.

याच लांबीची दुसरी बाजू चिंताजनक आहे. सट्टा केवळ विजेत्यावर लागत नाही; पहिली फ्रेम कोण जिंकेल, किती फरकाने निकाल लागेल, अचूक गुणफलक काय असेल, यांवरही लागतो. संपूर्ण सामना हातचा न सोडताही एखादी फ्रेम जाणूनबुजून गमावता येते. इंग्लंडचा स्टीफन ली २००८ आणि २००९ मधील सात सामन्यांच्या निकालांत गैरप्रकार केल्याबद्दल दोषी ठरला आणि २०१३ मध्ये त्याच्यावर १२ वर्षांची बंदी आली. त्या सामन्यांत २००९ च्या जागतिक स्पर्धेतील एका लढतीचाही समावेश होता. २०२३ मध्ये चीनच्या दहा खेळाडूंवर कारवाई झाली. लिआंग वेनबो आणि ली हांग यांना आजन्म बंदीला सामोरे जावे लागले. त्याच प्रकरणात झाओ शिनतोंगने स्वतः सामना निश्चित केला नव्हता. तथापि दुसऱ्याच्या गैरप्रकारात सहभाग आणि स्नूकरवर सट्टा लावणे यांबद्दल त्याला २० महिने खेळापासून दूर राहावे लागले. बंदी संपल्यानंतर, मे २०२५ मध्ये तो जगज्जेता झाला.

भारतापुरता प्रश्न वेगळा आहे. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असे मानले जाते. पण त्यावरील ऑनलाइन सट्ट्याला येथे थारा नाही. ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, २०२५ नुसार पैसे लावून खेळले जाणारे ऑनलाइन खेळ पुरवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

त्यामुळे भारतीय प्रेक्षकाने परदेशी बाजाराच्या भावांकडे पाहायचे ते सामन्याविषयीचा एक अंदाज म्हणून. दीर्घ सामन्याच्या अंतिम निकालाबाबत हा अंदाज बऱ्यापैकी भरवशाचा असतो. एकेका फ्रेमवर लागणाऱ्या पैशाबाबत मात्र तो भरवसा देता येत नाही, कारण तेथे खेळाचा निकाल एका खेळाडूच्या प्रामाणिकपणावर तोललेला असतो.