जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचा की लिनक्सवर चालवायचा? उत्तर ड्रायव्हरमध्ये आहे

करी रोड स्टेशनातून बाहेर पडून लालबागच्या किंवा लोअर परळच्या दिशेने चालू लागलं, की काही मिनिटांतच 'झेरॉक्स, प्रिंटिंग, ऑनलाइन फॉर्म' अशी पाटी दिसते. आत एक जुना डेस्कटॉप, एक लेझर प्रिंटर आणि समोर आधार, पॅन, शाळेचे दाखले घेऊन उभे असलेले लोक.

अशा अनेक दुकानांत, सोसायट्यांच्या कार्यालयांत आणि मंडळांच्या खोल्यांत वर्षानुवर्षं विंडोज 10 चालत आलं आहे. 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने या प्रणालीला मोफत सुरक्षा अपडेट देणं थांबवलं.

कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशीही सुरू झाला. पण त्या तारखेनंतर सापडलेल्या सुरक्षेच्या त्रुटी आपोआप बुजवल्या जात नाहीत. ज्या मशीनवर दिवसभर इतरांच्या ओळखपत्रांच्या प्रती उघडतात, तिच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

मग पर्याय काय? नवा कॉम्प्युटर घ्यायचा, की मोफत मिळणारी लिनक्स ही ओपन सोर्स प्रणाली त्याच मशीनवर टाकायची? दुसरा पर्याय स्वस्त आहे. पण तो टिकतो की नाही, हे एका प्रश्नावर ठरतं: दुकानातला प्रिंटर चालेल का?

विंडोज 11 का टाकता येत नाही?

2021 मध्ये आलेल्या विंडोज 11 साठी टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतो. काही अपवाद वगळता इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. म्हणजे 2017 च्या सुरुवातीला घेतलेली, आजही नीट चालणारी मशीनसुद्धा अधिकृतपणे अपात्र ठरते.

घरगुती ग्राहकांना ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली. पण हा मुदतवाढीचा उपाय आहे, कायमचा नव्हे.

लिनक्सचं गणित वेगळं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये ते इंटेलच्या 386 प्रोसेसरवर लिहायला सुरुवात केली. त्या 1985 च्या चिपसाठीचा कोड काढून टाकण्याचा निर्णय 2012 च्या अखेरीस झाला.

याचा अर्थ लिनक्स कुठल्याही जुन्या मशीनवर चालतं असा नाही. उदाहरणार्थ, डेबियनच्या 2025 मध्ये आलेल्या आवृत्तीने 32 बिट मशीनवर नव्याने इन्स्टॉल करण्याची सोय बंद केली. पण गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बहुतेक डेस्कटॉपना प्रोसेसरची अडचण येत नाही. अडचण येते ती त्यांना जोडलेल्या यंत्रांची.

ड्रायव्हर म्हणजे काय?

ड्रायव्हर हा दुभाषी असतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते, 'हे पान छाप'. प्रिंटरला ती भाषा कळत नाही. कुठल्या क्रमाने कोणते आकडे पाठवायचे, कागद संपला तर प्रिंटर काय उत्तर देतो, हे ड्रायव्हरला माहीत असतं.

लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, आज सुमारे 4 कोटी ओळींचा कोड आहे. त्यातला निम्म्याहून जास्त भाग ड्रायव्हरचा आहे. वायफाय, साउंड, कॅमेरा, टचपॅड अशा प्रत्येकासाठी कोणीतरी हा दुभाषी लिहिला आहे.

विंडोजसाठी हे काम बहुतेक वेळा यंत्र बनवणारी कंपनीच करते. लिनक्समध्येही इंटेल, एएमडी यांसारख्या कंपन्या स्वतःचे ड्रायव्हर देतात. पण कंपनीने लक्ष दिलं नाही, तर काम बाहेरच्या कोणावर तरी येतं.

एका प्रिंटरची गोष्ट

कॅननचा एलबीपी 2900 हा छोटा लेझर प्रिंटर भारतातल्या असंख्य दुकानांत आणि कार्यालयांत दिसतो. काटक, दुरुस्तीला सोपा, टोनर सहज मिळणारा. लिनक्सवर मात्र तो अनेकांना रडवतो.

कारण त्याच्या रचनेत आहे. या प्रिंटरमध्ये स्वतःची बुद्धी कमी असते. पानाचं चित्र तयार करण्याचं काम कॉम्प्युटर करतो आणि ते कॅननच्या 'कॅप्ट' नावाच्या खास पद्धतीने प्रिंटरला पाठवतो. ही पद्धत कळल्याशिवाय ड्रायव्हर लिहिता येत नाही.

कॅननने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला होता, पण त्यातले काही भाग तयार स्वरूपातले होते. त्यांचा मूळ कोड खुला नव्हता. लिनक्सच्या आवृत्त्या 64 बिटवर गेल्यावरही हा ड्रायव्हर जुन्या 32 बिट घटकांवर अवलंबून राहिला. तो बसवणं म्हणजे डोकेदुखी झाली आणि कोड बंद असल्यामुळे बाहेरच्या कोणाला तो सुधारताही येईना.

मग काही स्वयंसेवकांनी उलटा मार्ग धरला. कॉम्प्युटर आणि प्रिंटर यांच्यात जाणारे संदेश तपासून त्यांनी कॅप्टची भाषा उलगडली आणि 'कॅप्टड्रायव्हर' नावाचा खुला ड्रायव्हर लिहिला. तो परिपूर्ण नाही. पण त्यात काय बिघडलं आहे हे कोणालाही पाहता येतं, हाच मोठा फरक.

एचपीच्या लेझरजेट 1020 ची तऱ्हा आणखी निराळी. तो दरवेळी चालू केल्यावर त्याला फर्मवेअर, म्हणजे त्याचा अंतर्गत प्रोग्राम, कॉम्प्युटरकडून पाठवावा लागतो. एचपीचं लिनक्ससाठीचं सॉफ्टवेअर खुलं आहे, पण या प्रिंटरसाठी वेगळा, बंद कोडचा जोड उतरवून घ्यावा लागतो. तो नसेल तर प्रिंटर दिसतो, पण छापत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरची चळवळसुद्धा प्रिंटरपासूनच सुरू झाली असं म्हटलं जातं. 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या झेरॉक्स कंपनीच्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. रिचर्ड स्टॉलमन यांना तसा इशारा देणारी सोय प्रोग्राममध्ये टाकायची होती, पण मूळ कोड मिळाला नाही. 1983 मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली.

बग दुरुस्त होतो कसा?

लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती साधारण 9 ते 10 आठवड्यांनी येते. प्रत्येक आवृत्तीत हजारो बदल असतात. अशा वेळी काल चालणारं वायफाय आज बंद पडू शकतं.

अशा बिघाडाबाबत टोरवाल्ड्स यांचा नियम कडक आहे. जे आधी चालत होतं ते नव्या आवृत्तीत बंद पडलं, तर दोष नव्या बदलाचा. वापरणाऱ्याने जुळवून घ्यावं, अशी अपेक्षा नाही.

पण हजारो बदलांतून दोषी बदल शोधायचा कसा? त्यासाठी निम्म्या-निम्म्याने शोध घेतात. मधली आवृत्ती चालवून पाहायची. बिघाड दिसला तर दोष आधीच्या निम्म्यात, नाही दिसला तर नंतरच्या निम्म्यात. या रीतीने 10,000 बदलांतला एक बदल साधारण 14 चाचण्यांत सापडतो.

मग दुरुस्तीचा कोड त्या भागाच्या देखभालकर्त्याकडे जातो. तो तपासतो, हरकती घेतो, सुधारणा सांगतो. मंजूर झाल्यावर दुरुस्ती मुख्य कर्नलमध्ये, तिथून स्थिर आवृत्त्यांमध्ये आणि शेवटी उबुंटू, मिंट, फेडोरा अशा वितरणांमधून वापरणाऱ्यापर्यंत पोहोचते.

काही दुरुस्त्या आश्चर्य वाटावं इतक्या छोट्या असतात. प्रत्येक यूएसबी यंत्राला कंपनीचा आणि मॉडेलचा असे दोन क्रमांक असतात. जुन्याच चिपवर कंपनीने नवा क्रमांक टाकला, तर ड्रायव्हर असूनही ओळख पटत नाही. तिथे त्या क्रमांकाची एक ओळ वाढवली की यंत्र चालू लागतं.

पण ती ओळ लिहिण्यासाठी आधी कोणीतरी सांगावं लागतं, की या क्रमांकाचं यंत्र चालत नाही. जर्मनीत किंवा अमेरिकेत बसलेल्या देखभालकर्त्याच्या टेबलावर ते यंत्र नसतं.

मराठीचा बग मराठी माणसालाच दिसतो

हीच गोष्ट भाषेबाबतही खरी आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या दऱ्या. 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतही गुरू आणि स्वयंपाकी एवढा फरक आहे. एकात अक्षराच्या डोक्यावर रफार येतो, दुसऱ्यात चंद्रकोरीसारखा र.

कॉम्प्युटरसाठी हे दोन वेगळे नियम आहेत. दुसरा नियम फॉन्टमध्ये किंवा अक्षरं जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये नसेल, तर 'ऱ' पाय मोडलेल्या अवस्थेत वेगळा दिसतो. मराठी न वाचणाऱ्या प्रोग्रामरला त्यात काही चुकलं आहे हे कळण्याचं कारणच नाही.

हे काम महाराष्ट्रातही झालं. मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने, जी पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली, 'इंडिक्स' या प्रकल्पातून लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचं काम केलं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेले 'लोहित' फॉन्ट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त परवान्याखाली खुले केले.

आज अक्षरजुळणीसाठी लिनक्समध्ये वापरला जाणारा 'हार्फबझ' हा खुला प्रोग्राम फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्येही आहे. त्यातली एक मराठी दुरुस्ती लिनक्स कधीच न पाहिलेल्या माणसाच्या मोबाइलपर्यंत जाते.

मग अडतं कुठे?

कोड खुला असला म्हणजे दुरुस्ती होईलच, अशी हमी नाही. दुरुस्तीचा अधिकार मिळतो, दुरुस्ती करणारा माणूस मिळेलच असं नाही. अनेक लहान ड्रायव्हर एक-दोन स्वयंसेवकांच्या जिवावर चालतात. त्यांनी वेळ देणं थांबवलं की तक्रारी साचत जातात.

दुसरी अडचण यंत्राची नाही, सॉफ्टवेअरची आहे. लग्नपत्रिका आणि बॅनरचं काम करणारा डीटीपीवाला कोरलड्रॉ आणि श्री-लिपीवर अवलंबून असेल, तर ती विंडोजसाठी बनलेली आहेत. वर्षांनुवर्षांच्या फायली त्याच स्वरूपात असतात. त्याला 'लिनक्स टाका' हा सल्ला देणं म्हणजे धंदा बंद करायला सांगणं.

तिसरी अडचण सरकारी कामांसाठी लागणाऱ्या यंत्रांची. डिजिटल सहीच्या टोकनपैकी 'ईपास 2003' सारख्या काहींना लिनक्समधल्या खुल्या 'ओपनएससी' या सॉफ्टवेअरचा आधार आहे. पण टोकन ओळखलं गेलं तरी प्रत्येक सरकारी पोर्टलवर सही होईलच असं नाही. बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राबाबतही खरेदीआधी त्या नेमक्या मॉडेलची चौकशी करावी लागते.

दुकानदाराने काय तपासावं?

पहिली गोष्ट, काहीही पुसायचं नाही. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कला हात न लावता कॉम्प्युटर त्यावरून सुरू करता येतो. वायफाय, आवाज, स्कॅनर हे सगळं तिथेच तपासता येतं.

दुसरी गोष्ट, प्रिंटरचा अचूक मॉडेल क्रमांक. अलीकडच्या बऱ्याच नेटवर्क प्रिंटरना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, कारण ते छपाईची एक समान, खुली पद्धत पाळतात. खरा प्रश्न असतो तो जुन्या, फक्त यूएसबीवर चालणाऱ्या प्रिंटरचा.

तिसरी गोष्ट, रोजच्या कामाची यादी. ब्राउझरमधले फॉर्म, पीडीएफ, पावत्या आणि हिशेब एवढंच असेल, तर लिनक्स पुरतं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतही आहेत.

आणि काही चाललं नाही, तर शेवटची पायरी तक्रार नोंदवण्याची. 'प्रिंटर चालत नाही' एवढं लिहून कोणालाही मदत करता येत नाही. मॉडेल, यूएसबी क्रमांक, प्रणालीची आवृत्ती, नेमकं काय केल्यावर काय झालं आणि आधीच्या आवृत्तीत चालत होतं का, एवढं दिलं तर दुरुस्ती करणाऱ्याचं अर्धं काम होतं. त्यासाठी प्रोग्रामिंग यावं लागत नाही.

परळ-लालबागच्या दुकानांत कोणती यंत्रं वापरली जातात, हे त्या दुकानदारांइतकं कोणालाच माहीत नाही. त्यांची तक्रार योग्य ठिकाणी पोहोचली नाही, तर लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीतही तो प्रिंटर बंदच राहील. मग चांगला चालणारा कॉम्प्युटर केवळ त्याच्यापायी भंगारात जाईल.