दोरा तुटला की हात वाईट?

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, ते माश्या बांधणं सोडलं मी. माझ्या हातात ती कलाच नाही."

वय वर्षे चौदा. दिवाळीत लोणखेड्याला आला होता तेव्हा माझ्या टेबलाशी तीन तास मान खाली घालून बसला होता, जेवायला हाका मारून मारून आमची ताई थकली. आणि आता म्हणे कलाच नाही. म्हटलं, झालं काय? तर दोरा तुटतो. दर चार-पाच वेढ्यांनी तुटतो. त्याच्या बाबांनी हौसेने ऑनलाइन मागवलेला 'बिगिनर्स किट', बावीस वस्तू, देखणी लाकडी पेटी. त्यातली दोरा धरायची दांडी मी व्हिडिओवर बघितली आणि डोक्यात तिडीक गेली.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी: फ्लाय टाईंग म्हणजे गळावर दोऱ्याने पिसं, केस, लोकर बांधून खोटी माशी करणं. माशांसाठी माश्या. (आत्या अजून विचारते, "पोट भरतं का रे त्यानं?" नाही भरत, आत्या.) आपल्याकडे मासेमारी जाळ्याची. प्रकाशाला गोमाई तापीला मिळते तिथे बॅरेजच्या फुगवट्यावर मी छडी घेऊन उभा राहिलो की लोक आधी बघतात, मग हसतात, मग चहा देतात. पाणी ज्यांच्या ठेक्यात आहे त्यांना विचारूनच जातो. असो.

तर दांडी. तिला इंग्रजीत बॉबिन म्हणतात आणि शिंप्याकडे गेलात तर तो शिलाई मशीनची बॉबिन काढून देतो, इथून गोंधळाला सुरुवात. ही वेगळी. दोन तारांच्या चिमट्यात रीळ अडकतं आणि दोरा एका बारीक नळीतून बाहेर येतो. संपूर्ण कला त्या नळीच्या तोंडावर उभी आहे. तोंड गुळगुळीत नसेल, कापताना राहिलेली धातूची कच असेल, तर ती दोऱ्याला प्रत्येक वेढ्याला कातरते. कापसाची वात नळीत फिरवून बघा. तंतू अडकला तर ती दांडी फेकून द्या. सिरॅमिक नळीची घ्या, थोडे जास्त पैसे पडतात, पण हा प्रश्नच उरत नाही.

आणि माझा राग आहे तो इथे. वाईट हत्यार जाणत्या माणसाला दिलं तर तो हत्याराला शिव्या देतो. नवख्याला दिलं तर तो स्वतःला देतो. त्याच्याकडे तुलनेला दुसरं काही नसतं! बावीस वस्तूंची पेटी विकणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. पोरगं पेटी परत करत नाही, छंद परत करतं.

उलट बाजूचे शहाणेही कमी नाहीत. "कुठलाही दोरा चालतो रे, घरातला घे." नाही चालत. शिवणाचा दोरा आखूड तंतू पिळून केलेला असतो, गोल आणि लवदार. गळावर तो चपटा बसत नाही, ढीग होतो. बाराव्या नंबरच्या गळावर दहा वेढ्यांत डोकं एवढं फुगतं की गळाचं भोकच बुजतं. आपल्याला हवा अखंड तंतूचा, कमी पिळाचा. दांडी उलटी फिरवली की पीळ सुटून तो फितीसारखा पसरतो.

दोऱ्याच्या जाडीचा तर सगळा बाजारच गमतीचा. रिळावर ६/०, ८/० असं लिहितात. शून्यं जास्त तितका दोरा बारीक. पण हे माप प्रत्येक कंपनीचं स्वतःचं. एकीचा ६/० सत्तर डेनियरच्या आसपास, दुसरीचा एकशेतीसच्या पुढे. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि दोन्हींवर आकडा तोच! डेनियर मात्र सरळ आहे: ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. आपल्या भागातून माणसं सुरतेला कामाला जातात, तिथल्या लूमवर काम केलेल्या कुणालाही विचारा, तो हे झोपेत सांगेल. नवख्याने ७० डेनियरचा काळा घ्यावा, मोठ्या गळासाठी १४० चा. दोन रिळं. बस. नायलॉन थोडा ताणतो आणि चुका पोटात घालतो, पॉलिएस्टर कमी ताणतो. मी नायलॉनने सुरुवात करायला सांगतो.

पैसे दांडीवर, दोऱ्यावर, टोकदार छोट्या कात्रीवर आणि गळ घट्ट धरणाऱ्या वाइसवर घाला. बाकी घरात आहे. शेवटच्या गाठीला रिकाम्या बॉलपेनची नळी. सुई बुचात खोचून. वर रंगहीन नेलपॉलिश. मेण देवघरातलं नाही, मधाच्या पोळ्याचं. चकाकत्या पट्टीसाठी सुरतेची जर, विलायती टिन्सेलपेक्षा काही कमी नाही. गावरान कोंबड्याच्या मानेची पिसं शहाद्याच्या चिकनवाल्याकडून फुकट, फक्त शाम्पूने दोनदा धुवा, नाहीतर घरातून हकालपट्टी. एकच विनंती: रानकोंबड्याच्या पिसांच्या नादी लागू नका. विलायतेतल्या सामन माश्यांसाठी ती एकेकाळी इथून बाहेर जात. आता १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्या पक्ष्याला संरक्षण आहे, आणि आपल्या चिलापीला त्याचं काही कौतुकही नाही.

भाच्याला काल सिरॅमिक नळीची दांडी कुरिअर केली. सोबत माझी पहिली माशी टाकलीय. तिचं डोकं हरभऱ्याएवढं आहे, आणि ती घरातल्या शिवणाच्या दोऱ्याने बांधलेली आहे.