क्यूआर कोड : स्कॅन करायला शिकलो, आता वाचायलाही शिकूया



आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने मध्यंतरी जुनी सायकल विकण्यासाठी ऑनलाइन जाहिरात टाकली. किंमत अडीच हजार. तासाभरात फोन आला. समोरच्याने भावही केला नाही! "ताई, क्यूआर पाठवतो. स्कॅन करून पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील." ताईंनी तसं केलं आणि अडीच हजार यायच्या ऐवजी गेले. "चुकून झालं, परत करतो" म्हणत त्याने दुसरा कोड पाठवला. आणखी अडीच हजार गेले. घरचे बोलतील या भीतीने ताईंनी दोन दिवस कुणालाच काही सांगितलं नाही.

मला या फसवणुकीपेक्षा ते गप्प राहिलेले दोन दिवस जास्त टोचतात.

'शिकलेली माणसं अशी कशी फसतात?' असं आपण सहज म्हणतो. माझ्या मते हा हुशारीचा नाही, सवयीचा प्रश्न आहे. क्यूआर कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार झाला. आपल्याकडे २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पुढे तो भाजीच्या गाडीवरही दिसू लागला. पण हे काळे-पांढरे चौकोन माणसाच्या डोळ्यांना वाचता येत नाहीत. खरा कोड आणि खोटा कोड दिसायला सारखेच. वाचता येतं ते फक्त स्कॅननंतर स्क्रीनवर येणारं नाव आणि रक्कम. नेमकं तेच आपण वाचत नाही.

म्हणून मुलांना आणि घरातल्या मोठ्यांनाही तीन गोष्टी पाठ करायला लावा :

१. पैसे घ्यायचे असतील तर आपल्याला काही स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. व्यवहारात पिन टाकणं म्हणजे 'माझ्या खात्यातून पैसे द्या' यावर सही करणं.

२. दुकानात स्कॅन केल्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचा आणि दुकानदाराला विचारा, "हेच ना?" जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत एका रात्रीत अनेक दुकानांच्या कोडवर दुसरे कोड चिकटवले गेले. सकाळी पैसे देताना वेगळंच नाव येतंय, हे लक्षात आल्यावर प्रकार उघडकीला आला.

३. कोडमध्ये कुठलीही लिंक लपलेली असू शकते. स्कॅन केल्यावर ॲप डाउनलोड करा, कार्डाचा नंबर द्या, ओटीपी टाका असं काही आलं, की सरळ बंद करा.

आता थोडं आपल्या शिक्षकांविषयी. सहलीचे पैसे, स्नेहसंमेलनाची वर्गणी, वह्यांचे पैसे, सगळ्यासाठी आपण पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर क्यूआरचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, 'आजच भरा'. घाई करायची आणि न बघता स्कॅन करायचं, ही सवय आपणच लावतोय की! उद्या कुणी शाळेच्या नावाने खोटा कोड पाठवला तर पालक विचारतील तरी कशाला? म्हणून माझं स्पष्ट मत आहे : शाळेने कोडसोबत खातेदाराचं नाव लिहावं, तोच कोड सूचना फलकावर लावावा आणि 'नाव जुळलं नाही तर पैसे भरू नका' असं बजावावं.

वर्गात एक तास यासाठी द्यायला हरकत नाही. एक मूल दुकानदार, एक गिऱ्हाईक. कागदावर कोडचं चित्र काढायचं, मागे नाव लिहायचं. काहींच्या मागे मुद्दाम चुकीचं नाव. गिऱ्हाइकाने नाव वाचून मगच 'पिन' टाकायचा. मुलं हा खेळ घरी जाऊन आजी-आजोबांना शिकवतील, बघा!

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. कुणी फसलंच तर आधी रागावू नका. लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा, बँकेला कळवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. ज्या घरात चूक सांगायची भीती वाटते, तिथे हा मोलाचा वेळ रडण्यात आणि लपवण्यात जातो. गणित चुकलं तर वही लपवू नकोस, असं आपण मुलांना सांगतो ना? मग तीच मुभा घरातल्या मोठ्यांनाही देऊया.