घटनेचे राखणदार

राज्यघटना लिहिली जाते राजधानीत. ती पाळली जाते की नाही, याची कसोटी मात्र गावोगावी लागते. ठाणे महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, कल्याण-डोंबिवलीची त्याही आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये. मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असा ७४ व्या घटनादुरुस्तीचा निःसंदिग्ध दंडक आहे. तरीही दोन्ही नगरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला आणि मतदान झाले ते १५ जानेवारी २०२६ रोजी! आधी करोनाची साथ, मग इतर मागासवर्गीयांचे आरक्षण व प्रभागरचना यांचे वाद, ही कारणे खोटी नव्हेत. परंतु अखेर निवडणुका घेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला द्यावा लागला. या सुशिक्षितांच्या नगरांनी आपल्या हक्कासाठी कितीसा आवाज उठविला? नळाला कसेबसे पाणी येत होते, कचऱ्याची गाडी येत होती. नगरसेवक नसल्याची खंत फार थोड्यांना वाटली, असेच आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. १७७८ साली तेथील विधिमंडळाने स्वतःच घटना तयार करून गावसभांपुढे ठेवली. गावांनी ती फेटाळली. तीत नागरिकांच्या हक्कांची सनद नाही, आणि ज्यांच्यावर अंकुश ठेवायचा त्यांनीच तो घडवू नये, असे आक्षेप निघाले. मग खास निवडलेल्या परिषदेपुढे जॉन ॲडम्स यांनी नवा मसुदा सिद्ध केला. गावसभांनी त्याच्या कलमांचा खल केला आणि १७८० साली घटना संमत झाली. त्या सभांत स्त्रियांना व गुलामांना स्थान नव्हते, हा डाग पुसता येणार नाही. पण दुरुस्त्यांसह ती घटना आजही अमलात आहे. पुढे संघराज्याच्या घटनेला १७९१ मध्ये हक्कांची सनद जोडली गेली, तीही राज्याराज्यांतील परिषदांनी धरलेल्या आग्रहामुळेच.

आपल्याकडे मताधिकार आरंभापासून सर्व प्रौढांना मिळाला. उणीव आहे ती सभांची. तीन लाख व त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे तीच ७४ वी दुरुस्ती सांगते. नव्या नगरसेवकांनी अंदाजपत्रक आपापल्या प्रभागातील नागरिकांपुढे मांडावे, आणि नागरिकांनी त्याचा जाब विचारावा. गृहसंकुलाच्या सभेत गाड्यांच्या जागेवरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालणाऱ्यांना हे अशक्य नाही. मत देऊन घरी परतलेला नागरिक पुढील पाच वर्षे स्वस्थ बसला, तर प्रशासकाचे राज्य पुन्हा येण्यास आडकाठी ती कोणाची?