निवृत्तांची संघटना सत्कारासाठी की हक्कासाठी?

१७ डिसेंबर हा दिवस देशभरातले निवृत्त कर्मचारी पेन्शनर दिन म्हणून पाळतात. १९८२ साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा खटल्याचा निकाल दिला. घटनापीठावर सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते आणि निकालपत्र लिहिले न्या. डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, आयुष्यभराच्या सेवेतून कमावलेला तो हक्क आहे, आणि केवळ निवृत्तीची तारीख अलीकडची की पलीकडची एवढ्यावरून निवृत्तांमध्ये भेद करता येणार नाही, असे त्या निकालाने बजावले. आधार कशाचा? संविधानाच्या कलम १४ चा. म्हणजे पुन्हा बाबासाहेबच!

परंतु त्या दिवशी आपल्याकडे होते काय? हॉल घेतला जातो. पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाल-श्रीफळ दिले जाते. अध्यक्ष बोलतात, प्रमुख पाहुणे त्याहून लांब बोलतात, जेवण होते आणि मंडळी पुढच्या वर्षी भेटू म्हणून घरी जातात. म्हातारपणी चार माणसे एकत्र येतात, जुन्या गोष्टी निघतात, यात वाईट काहीच नाही. आमचा प्रश्न एवढाच, की त्या हॉलमध्ये गँगमनची विधवा बसलेली असते का? डहाणू-तलासरीच्या बाजूला पाहिले तर ती तिथे नसते. ती बँकेच्या पायरीवर बसलेली असते.

आमच्या माहितीतल्या अशाच एका आजींची गोष्ट सांगतो. नवरा रेल्वेत ट्रॅकवर राबला, लवकर गेला. आजींना कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झाले. नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यायचा. सरकारने १० नोव्हेंबर २०१४ रोजी जीवन प्रमाण ही संगणकी सोय आणली; यंत्रावर अंगठा ठेवा, दाखला तयार. पण आजींचा अंगठा यंत्राला दिसतच नाही. चिकूच्या वाडीत आणि भातशेतीत पन्नास वर्षे राबलेल्या हाताच्या रेषा उरतील कुठे? बँकेतला माणूस म्हणाला, उद्या या. उद्या गेल्या, तर परवा या. २०२१ सालापासून चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो, ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगणार कोण? ज्यांनी सांगायचे ते हॉलमध्ये शाली मोजत होते.

गोष्ट इथे संपत नाही. सहाव्या वेतन आयोगानंतर केंद्राच्या निवृत्तांना ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला १०० टक्के. कुटुंब निवृत्तिवेतनालाही हे लागू आहे. सातव्या आयोगाने किमान पेन्शन ९,००० रुपये ठरवली. त्यावर २० टक्के म्हणजे १,८०० रुपये आणि वर महागाई भत्ता. म्हातारीच्या औषधाचा खर्च यात निघतो. पण आजींच्या पेन्शन आदेशात, म्हणजे पीपीओत, जन्मतारखेची जागा कोरी! ज्या काळात ते कागद झाले त्या काळात गँगमनच्या बायकोची जन्मतारीख विचारायची गरज साहेबाला वाटली नाही. तारीख नाही म्हणून ऐंशी नाहीत, ऐंशी नाहीत म्हणून वाढ नाही. ही दुरुस्ती बँक स्वतःच्या अधिकारात करत नाही. जिथे नवरा राबला त्या मालकाच्या कार्यालयातूनच सुधारित आदेश यावा लागतो.

इथेच संघटनेचे खरे काम सुरू होते. निवृत्त माणूस एकटा असला की तो याचक असतो. पंधरा कोऱ्या जन्मतारखांची यादी, पीपीओ क्रमांकांसह आणि पुराव्याच्या प्रतींसह घेऊन संघटना गेली, तर तोच विषय कार्यालयाच्या टेबलावरचे प्रकरण होतो. रेल्वेत विभागीय पातळीवर पेन्शन अदालती भरतात. डहाणू रोड पश्चिम रेल्वेच्या मुंबई सेंट्रल विभागात येते. अदालतीची नोटीस निघाली की अर्ज आधी द्यावे लागतात. त्या दिवशी जाऊन गाऱ्हाणे सांगून भागत नाही. कार्मिक आणि लेखा विभागाचे अधिकारी समोरासमोर बसतात तेव्हा त्याने त्याच्याकडे बोट दाखवण्याची सोय संपते. मोर्चा आपल्याला येतो, घोषणा आपल्याला पाठ आहेत. अर्जाच्या तीन प्रती काढून पोच घ्यायची सवय मात्र आपल्याला कमी आहे, हे कबूल करू या.

बाबासाहेबांना रेल्वे कामगार किती जवळचा होता हे चळवळीच्या वाचकाला सांगायला नको. १२ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत ते बोलले. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, हे त्यांनी तिथेच सांगितले. त्याच भाषणात त्यांनी अस्पृश्य कामगाराचे दुखणेही नेमके दाखवले: तो जन्मभर गँगमनच राहतो, पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरी कामाला जावे लागते आणि तिथे याचा विटाळ होतो. पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखणारा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ साली त्यांच्याच खात्याकडे आला. त्यातून १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. कामगार आजारी पडला की तो मालकाच्या दयेवर नको, ही त्यामागची दृष्टी होती.

आता आजाराचेच घ्या. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे, कासाला आहे, तलासरीला ग्रामीण रुग्णालय आहे. पण छातीत कळ आली की तलासरीचा माणूस गाडी काढतो आणि वापी, सिल्वासा, नाहीतर वलसाड गाठतो. सोन्यासारखी माणसे त्या महामार्गावर गेली. रेल्वेच्या निवृत्ताला आरोग्य योजना आहे, पण पश्चिम रेल्वेचे मोठे रुग्णालय मुंबई सेंट्रलला, डहाणूपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वेच्या दवाखान्यापासून अडीच किलोमीटरपलीकडे राहणारा निवृत्त बाह्यरुग्ण उपचार सोडून त्याऐवजी ठरावीक वैद्यकीय भत्ता घेऊ शकतो. तो १ जुलै २०१७ पासून महिना १,००० रुपये झाला. साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या जोडप्याला हजारात महिना काढता येतो का, हे त्यांच्या औषधवाल्यालाच विचारा. आपल्या पट्ट्यातली आणि सीमेपलीकडची कोणती खासगी रुग्णालये मालकाच्या मान्य यादीत आहेत, तातडीच्या वेळी कोणता कागद रुग्णालयातून घेतला नाही तर बिल परत येते, हे एका पानावर छापून सभासदाच्या घरातल्या कपाटावर चिकटवले गेले पाहिजे. तेवढे झाले तरी एखादे घर कर्जातून वाचेल.

रेल्वेवाल्यांना निदान ९,००० चा आधार आहे. डहाणू रोड स्टेशनात उतरून बाहेर आलात की एसटी दिसते. त्या एसटीच्या निवृत्त चालकाला विचारा पेन्शन किती. आकडा सांगताना तो मान खाली घालतो. तो आहे १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत. मालकाकडून पगाराच्या ८.३३ टक्के आणि सरकारकडून १.१६ टक्के या निधीत जातात, पण पगार धरायचा तो मर्यादेपुरताच. ही मर्यादा २००१ पासून ६,५०० रुपये होती, १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली. पेन्शनचा हिशेब असा: पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. २०१० साली निवृत्त झालेल्या माणसाची १९९५ नंतरची १५ वर्षे धरा. ६,५०० गुणिले १५ भागिले ७० म्हणजे १,३९३ रुपये. आधीच्या सेवेपोटी थोडी भर पडते, तीही जेमतेम. महागाई भत्ता नाही, दवाखाना नाही. घाटातून, पुरातून, रात्री-बेरात्री लोकांना सुखरूप पोहोचवले त्याची ही किंमत!

या योजनेची किमान पेन्शन २०१४ साली १,००० रुपये झाली. ती ३,००० करावी अशी शिफारस राज्यसभेच्या समितीने २०१३ सालीच केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्याच राज्याचे राज्यपाल झाले. राज्यपाल आले आणि गेले, शिफारस मात्र कागदावरच राहिली. दुसरीकडे राज्य सरकारने निराधारांसाठीच्या संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांचे मानधन जुलै २०२३ पासून १,५०० रुपये केले. निराधारांना मिळते त्याचा आनंदच आहे, ते वाढलेच पाहिजे. पण तीस वर्षे निधीत पैसे भरलेल्या कामगाराची किमान पेन्शन निराधारापेक्षा खाली राहावी, याला काय म्हणायचे?

वाढीव पेन्शनसाठी सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी दार किलकिले केले. त्यातही १ सप्टेंबर २०१४ पूर्वी पर्याय न देता निवृत्त झालेले बाहेरच राहिले. आत येऊ शकणाऱ्यांना कामगार आणि मालक यांचा संयुक्त पर्याय लागला, जुन्या पगाराचा तपशील मालकानेच भरायचा होता. म्हणजे तुम्ही निवृत्त झालात तरी मालकाच्या लेखनिकाशी तुमचे नाते संपत नाही. ज्या ठिकाणी संघटनेने आस्थापनेत बसून जुनी वेतनपत्रके शोधायला मदत केली तिथली फाईल पुढे सरकते, इतर ठिकाणी ती धूळ खात पडते. भविष्य निर्वाह निधी कार्यालय जानेवारी २०२३ पासून दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत तक्रार शिबिर घेऊ लागले, ‘निधी आपके निकट’ या नावाने. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला तो लोकांचे हेलपाटे वाचावेत म्हणून. मग २७ तारखेला आपल्या संघटनेचा माणूस तिथे असतो का?

आणखी एक सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. राज्य कामगार विमा योजनेत किमान ५ वर्षे विमाधारक राहून नियत वयाला निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला फक्त १२० रुपये भरून स्वतःला आणि जोडीदाराला योजनेचे उपचार चालू ठेवता येतात. डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यांत, बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्यांनी हाडे झिजवली आणि ज्यांच्या पगारातून हा विमा कापला गेला, त्यांनी हे आवर्जून विचारावे. सेवेचा आणि निवृत्तीचा पुरावा लागतो, तो मालकाकडूनच घ्यायचा आहे. कारखाना बंद पडण्याआधी घ्या.

आता थोडे कटू बोलतो. आपल्या वर्ग एक आणि दोनच्या निवृत्तांच्या संघटना वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी न्यायालयात जातात, आणि जावेच. पण त्यांच्या सभासद यादीत सफाई कामगार, खलाशी, शिपाई, चौकीदार यांची नावे शोधावी लागतात. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला शिकलेल्यांबद्दल बाबासाहेबांनी जे दुःख बोलून दाखवले, ते आपण दर जयंतीला व्यासपीठावरून ऐकतो आणि खाली बसलेल्या कुणाला तरी उद्देशून आहे असे समजतो. डहाणू-तलासरी हा वारली, कोकणा, दुबळा, धोडी, काथोडी बांधवांचा मुलूख आहे. आपली बौद्ध वस्ती इथे मोजकी आहे. इथे फक्त आपल्या घरांची संघटना काढली तर ती चहाच्या टपरीवर मावेल. पहिल्या पिढीत पेन्शन मिळवणारा वारली शिक्षक, रेल्वेतला दुबळा ट्रॅकमन, एसटीतला कोकणा वाहक यांच्याबरोबर बसल्याशिवाय मालकाच्या दारात आपल्याला वजन येणार नाही.

आणि ज्यांना उद्या मालकच सापडणार नाही त्यांचे काय? केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि राज्यात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, त्यावर निदान आंदोलने झाली, चर्चा झाली. कंत्राटी सफाई कामगाराची चर्चाही होत नाही. तीन वर्षांत तीन ठेकेदार बदलतात, प्रत्येकाच्या नावावर वेगळा निधी क्रमांक. ठेकेदार पळाला तरी निधीची जबाबदारी मुख्य मालकावर येते, हे कायद्याने मानलेले आहे. पण मागायला कागद लागतो. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातच्या खटल्यात सांगितले. गुजरातची सीमा तलासरीला लागून आहे. पाड्यावरच्या सेविकेपर्यंत तो निकाल वाचून दाखवणारे कोणी पोहोचले का?

निवृत्त माणसाजवळ वेळ असतो, अनुभव असतो, कार्यालयाची भाषा त्याला येते. आपल्यातल्या निवृत्त कारकुनाला कोणता अर्ज कोणत्या टेबलावर अडतो हे साहेबापेक्षा जास्त कळते. येत्या नोव्हेंबरात डहाणू आणि तलासरीला आठवड्यातून एक दिवस बुद्धविहारात किंवा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर अशा दोन माणसांनी टेबल टाकून बसावे. एक चांगला मोबाइल, हयातीच्या दाखल्यासाठी. एक वही, तिच्यात पीपीओ क्रमांक, जन्मतारीख, वारसाचे नाव, उपचाराचे कार्ड आहे की नाही. जन्मतारखेचा रकाना कोरा निघाला की त्याच दिवशी अर्ज लिहायचा, आजीचा अंगठा उमटला नाही तर साक्षीदाराची सही घ्यायची आणि पोच घेऊन यायची.