तपासणी दोघांची

गेल्या महिन्यात पौडच्या बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. निकाहाला आठ वर्षे झाली, मूल नाही. म्हणाली, "मॅडम, तावीज झाले, दर्गे झाले, तीन डॉक्टर झाले. आता सासूबाई यांचं दुसरं लग्न लावायचं म्हणतात."

"नवऱ्याची तपासणी केली का?"

ती मान खाली घालून म्हणाली, "त्यांना कोण सांगणार?"

भगिनींनो, मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषातही काही ना काही कारण सापडते. वीर्यतपासणी सोपी आणि स्वस्त असते, तरी आपल्याकडे तीच सर्वांत शेवटी होते.

जगात १९७८ पासून आयव्हीएफने, म्हणजे 'टेस्ट ट्यूब' पद्धतीने, एक कोटीहून अधिक मुले जन्मली आहेत. जपानमध्ये २०२२ साली अशी ७७ हजार बाळे झाली, म्हणजे दहा बाळांमागे एक. अमेरिकेत हे प्रमाण शंभरात दोन-अडीच आहे. हा फरक पडतो तो मुख्यतः लग्नाच्या वयामुळे आणि खर्च कोण उचलतो यामुळे. जपानने २०२२ पासून हा उपचार सरकारी विम्यात घेतला. डेन्मार्कमध्येही सरकारी मदत मिळते आणि तिथेही प्रमाण मोठे आहे.

आपण यात मागे नव्हतो. १९७८ मध्येच कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींनी हे करून दाखवले, पण हयातीत त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांनी असे बाळ जन्मले. केईएम महापालिकेचे, गोरगरिबांचे रुग्णालय. आज मात्र हा उपचार बहुतेक खासगी दवाखान्यांत होतो. एका खेपेला लाख-दीड लाख सहज लागतात, आणि पहिल्याच खेपेला यश येईल याची खात्री नसते. चाळिशीनंतर तर शक्यता बरीच कमी होते. म्हणून गुंठा विकायच्या आधी एकूण खर्च विचारा. २०२१ च्या कायद्याने अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे, तीही पाहून घ्या.

"हे जायज आहे का?" असे अनेकजणी दबक्या आवाजात विचारतात. इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती जादुल हक यांनी १९८० मध्येच फतवा दिला होता: बीज निकाहातल्या पती-पत्नीचेच असेल, तिसऱ्याचा संबंध नसेल, तर हरकत नाही. शंका असेल तर आपल्या आलिमांना जरूर विचारा. औलाद देणारा अल्लाहच आहे, पण इलाज करणे म्हणजे त्याच्यावरचा भरवसा सोडणे नव्हे.

गेल्या जुम्म्याला त्या मुलीचा फोन आला. "मॅडम, हे तपासणीला यायला तयार झाले." निकाल काय येईल ते अल्लाह जाणे. पण आठ वर्षे एकटीने वाहिलेले ओझे आता दोघांचे झाले. सासूबाईंनो, एवढे तरी आपल्या सुनेसाठी कराल ना?