बंदूक माळ्यावर, दारू कोठीत

मागच्या वर्षीचा मार्च. अंगणात अजून गुडघाभर बर्फ होता. जेवणं आटोपल्यावर लेकीने एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "आई, सही हवीय. मला शाळेच्या ट्रॅप टीममध्ये जायचंय." शॉटगन घेऊन उभं राहायचं आणि समोरून उडालेली तबकडी हवेतच फोडायची, असा हा खेळ. लेक तेव्हा नववीत होती. मी तो कागद फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवला आणि चार दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

कारण सांगते. आम्ही राहतो त्या मिनेसोटात शाळांना वर्षातून पाच लॉकडाउन ड्रिल घ्याव्या लागतात. शाळेत कोणी बंदूक घेऊन शिरलं तर काय करायचं, याची ती तालीम. लेक दुसरीत असताना एकदा घरी येऊन म्हणाली होती, "आज आम्ही अंधारात आवाज न करता बसायची प्रॅक्टिस केली. मला खोकला येत होता, पण मी दाबून धरला." ते ऐकून मी कितीतरी वेळ ओट्याला धरून उभी होते. अमेरिकेत 2020 पासून 1 ते 19 वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, मोटार अपघात त्याच्या खाली. असं असताना त्याच शाळेच्या नावाचा टीशर्ट घालून माझ्या मुलीने बंदूक हातात घ्यायची?

चौथ्या रात्री कुडाळला आईला फोन लावला. वाटलं होतं, ती घाबरेल आणि मला नाही म्हणायला बळ मिळेल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबांची बंदूक इसारलंस काय गो?"

विसरले नव्हते, पण तिचा या गोष्टीशी संबंध जोडला नव्हता. आजोबांकडे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरत, मग आजोबा रात्र रात्र मांगरात बसत. एरवी बंदूक माळ्यावर वाशाला टांगलेली असे. दारूचा डबा आणि छरे मात्र खाली, आजीच्या कोठीच्या खोलीत, आणि त्या खोलीची किल्ली आजीच्या कमरेला. निवडणूक जाहीर झाली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची. तिची पावती आजोबा देवघरात ठेवत. आम्हा नातवंडांना एकच वाक्य पाठ होतं: बंदुकीक हात लावूचो नाय. त्या घरात मला बंदुकीची भीती कधीच वाटली नाही, कारण तिच्याभोवतीची शिस्त मला रोज डोळ्यांना दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सही केली. पालकांच्या बैठकीला मात्र वहीभर प्रश्न लिहून घेऊन गेले.

तिथे बरंच कळलं. मिनेसोटातली ही शालेय लीग 2001 साली जिम सेबल नावाच्या निवृत्त गृहस्थांनी सुरू केली. त्यांच्या गन क्लबातले सभासद म्हातारे होत चालले होते, नवीन कोणी येत नव्हतं, म्हणून त्यांनी शाळकरी मुलांना बोलावलं. 2008 मध्ये तीन शाळा आणि तीसएक मुलं होती. पुढच्या दहा वर्षांत हा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. सहावी ते बारावीची मुलं-मुली एकाच संघात खेळतात. सुरक्षा प्रमाणपत्राची परीक्षा पास झाल्याशिवाय कोणालाही मैदानावर उभं करत नाहीत. शाळेच्या आवारात बंदूक कधीच येत नाही, सगळं गन क्लबावर चालतं. प्रत्येक संघ आपापल्या क्लबावर खेळतो आणि गुण कळवतो, त्यामुळे सामन्यांसाठी गावोगाव फिरणंही नाही.

आणि इथे राखीव खेळाडू नसतो. संघातलं प्रत्येक मूल दर आठवड्याला 50 तबकड्यांवर नेम धरतं. लेकीचा हट्ट मला तेव्हा उमगला. त्याआधी दोन वर्षं ती बास्केटबॉलच्या बाकावर बसून होती. सामना संपला की गाडीत तिच्या कपड्यांना घामाचा वाससुद्धा नसायचा. त्याचा मला तिच्याहून जास्त त्रास होई.

पहिल्याच दिवशी कोचने तिला दोन्ही हात लांब करून तळव्यांचा लहानसा त्रिकोण करायला लावला. त्यातून दूरचा खांब बघायचा, मग एकेक डोळा मिटायचा. उजवा डोळा मिटला तरी खांब त्रिकोणात जागच्या जागी राहिला, डावा मिटला तर नाहीसा झाला. म्हणजे लेक उजव्या हाताची, पण तिचा भारी डोळा डावा. चौदा वर्षं हे मूल माझ्यासमोर वाढलं आणि ही गोष्ट मला ठाऊक नव्हती. कोच म्हणाले, चष्म्याच्या डाव्या काचेला पट्टी लावता येईल, नाहीतर बंदूक डाव्या खांद्यावर घ्यायला शीक. तिने खांदा बदलायचं ठरवलं. तीन आठवडे रोज संध्याकाळी ती आरशासमोर झाडूचा दांडा डाव्या खांद्याला लावायची, गाल टेकवायची, खाली घ्यायची, पुन्हा लावायची. मी पोळ्या लाटता लाटता बघत असे.

मैदान सांगायचं तर जमिनीत निम्मं पुरलेलं एक बुटकं घर असतं, त्याला ट्रॅप हाउस म्हणतात. आत तबकडी फेकणारं यंत्र डावी-उजवीकडे झुलत असतं. घरामागे 16 यार्डांवर कमानीत पाच जागा, तिथे पाच मुलं. एकाने "पुल!" म्हणायचं की नारिंगी तबकडी सुटते, कुठल्या दिशेला ते आधी कळत नाही. डांबर आणि चुनखडीच्या भुकटीची ही तबकडी लहान वाटीच्या तोंडाएवढी, जेमतेम 11 सेंटिमीटरची. वेग ताशी 65 किलोमीटरच्या पुढे. गोळी एकच मिळते. आपल्या पाच झाल्या की पुढच्या जागेवर सरकायचं, असं करत 25. जिथे तबकडी दिसते तिथे मारून उपयोग नाही, ती जिथे पोचणार आहे तिथे छरे पोचवायचे. आणि फुटली का, हे बघायला गाल दस्त्यावरून उचलला की ती हमखास सुटते. सुटली की गुण मांडणारा "लॉस्ट" म्हणतो. पहिल्या फेरीत लेकीच्या नावापुढे एकोणीस वेळा लॉस्ट झालं.

माझं लक्ष मात्र तबकड्यांवर नव्हतंच. मी बंदुका बघत होते. गाडीतून उतरवलेली प्रत्येक बंदूक उघडी आणि रिकामी, नळीचं तोंड माणसांपासून दूर. काडतूस आत जातं ते आपल्या जागेवर उभं राहून, आपली पाळी आल्यावरच. एक मुलगा बोलता बोलता बंदूक हातात घेऊन जरासा मागे वळला. बंदूक रिकामीच होती. तरी कोचने हात वर करून सगळं मैदान थांबवलं, त्याची बंदूक काढून घेतली आणि त्या दिवसापुरता त्याचा खेळ संपला. कोणी ओरडलं नाही. त्याच्या वडिलांनीही हूं की चूं केलं नाही. त्या घटकेला मला माळ्यावरचा तो वासा आणि आजीच्या कमरेची किल्ली स्पष्ट दिसली. घरी निघताना सगळ्या मुलांनी साबणाने हात धुतले, कारण छऱ्यांमध्ये शिसं असतं. कानांवरचे मफ तोवर उतरवलेले नव्हते.

पहिलं वर्ष लेक क्लबाच्या बंदुकीवर खेळली. यंदा आम्ही तिच्यासाठी एक घेतली, पण त्याआधी तिजोरी घेतली. काडतुसांची पेटी वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या आम्हा आईवडिलांकडे. इथे एक गोष्ट आपल्या लोकांना मुद्दाम सांगते. एच-वन, एच-फोरसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना बंदूकच काय, काडतूस बाळगायलाही केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना हा त्यातला एक अपवाद आहे. मुलांचा व्हिसाही आईवडिलांच्या व्हिसाला जोडलेला असतो. तेव्हा मुलाचं नाव टीमच्या यादीत घालण्याआधी वकिलाला विचारा. कोचला हे माहीत असेलच असं नाही.

जूनमध्ये अलेक्झांड्रियाला राज्य स्पर्धा झाली. एका ओळीत दूरवर पसरलेली ट्रॅप हाउसं, दिवसाला शेकडो मुलं, आणि सगळ्या गदारोळात डाव्या खांद्यावर बंदूक लावून उभी माझी लेक. तिच्या एका फेरीत 25 पैकी 21 फुटल्या. शेवटची तबकडी फुटल्यावर तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. आधी बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं, आत डोकावून खात्री केली आणि मग वळली. मला पदकापेक्षा ते मोठं वाटलं.

लॉकडाउन ड्रिलच्या दिवशी आजही माझ्या पोटात गोळा येतो. या देशाचे बंदुकीचे कायदे फार सैल आहेत, असं मला वाटतं आणि लेकीच्या खेळाने त्यात काही बदल झालेला नाही. पण एक प्रश्न विचारायचं धैर्य मला त्या मैदानाने दिलं. लेक मैत्रिणीकडे राहायला जायची असली की मी तिथल्या आईला फोन करते: तुमच्याकडे बंदूक आहे का? असली तर कुलपात आहे का? काडतुसं वेगळी ठेवता का? पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. पलीकडची बाई क्षणभर थांबली आणि म्हणाली, "विचारलंस ते बरं केलंस. थांब, मी आत्ता बघून येते."

अमेरिकेतल्या माझ्या मराठी वाचकांनो, येत्या शनिवारी तुमचं मूल कोणाकडे राहायला जाणार असेल, तर निघण्याआधी एवढा एक फोन नक्की करा.